परवाना आणि शील

हिंगोली हे आज जिल्ह्याचे ठिकाण आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. परंतु एकोणिसाव्या शतकात या गावाची ओळख छावणीचे गाव अशी होती. राज्य निजामाचे, फौजही नावाने त्याचीच, मात्र तिच्यावरील अंमलदार इंग्रज, अशा त्या फौजेचा एक तळ येथे होता. छावणी आली की बाजार येतो आणि बाजार आला की व्यापारी येतात. या बाजारात हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. छावणीतील साहेबलोक त्याच्याशी देवघेवीचे व्यवहार करीत असत.

या हरीसिंगाची हकीकत फिलिप मेडोज टेलर या निजामाच्या नोकरीतील इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवून ठेवली आहे. त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ साली प्रसिद्ध झाली. कादंबरी कल्पित असली, तरी तिच्या प्रस्तावनेत त्याने आपल्या स्वतःच्या आठवणी दिल्या आहेत. हरीसिंगाने या भागाचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे एकदा अर्ज केला की, मुंबईहून कापड आणावयाचे आहे, तरी परवाना मिळावा. परवाना मिळाला. कापड खरोखरच मुंबईहून निघालेले होते, पण ते हरीसिंगाचे नव्हते. हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी ते घेऊन येत होता. हरीसिंगाने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि जनावरे हाकणाऱ्यांना वाटेत ठार मारविले, माल त्या परवान्यावर हिंगोलीस आणला आणि छावणीत राजरोस विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच हे सांगितले नसते, तर कोणाला कधी कळलेही नसते. आणि सांगितले तेही एखादी गंमत सांगावी तसे. पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरलेली प्रेते उकरून काढली, तेव्हा आपण स्वतः तेथे हजर होतो, असे टेलर लिहितो.

ठगांविषयीच्या इंग्रजी वर्णनांकडे अलीकडचे अभ्यासक संशयाने पाहतात, आणि ते योग्यच आहे. सत्ताधाऱ्यांना आपली सत्ता न्याय्य असल्याचे दाखवावयाचे होते, आणि पुष्कळशा जबान्या माफीच्या आशेने दिलेल्या होत्या. तेव्हा टेलरच्या शब्दाशब्दावर विश्वास ठेवावा असे मी म्हणत नाही. परंतु या हकीकतीतील एक वस्तू गेली काही वर्षे माझ्या मनातून जात नाही. ती वस्तू म्हणजे तो परवाना. तो खोटा नव्हता. त्यावरील सही खरी होती, शिक्का खरा होता. वाटेत कोणी हटकले असते, तर हरीसिंग निर्दोष ठरला असता. शिवाय ठगांचे स्वतःचेही नियम होते, असे त्याच काळातील कागदपत्रे सांगतात. कोणत्या शकुनावर निघावयाचे, कोणाला मारावयाचे नाही, हे ठरलेले असे, आणि नियम मोडला की देवी कोपते अशी त्यांची समजूत होती. म्हणजे नियम पाळणारा माणूस आणि चांगला माणूस ही दोन माणसे निरनिराळी असू शकतात. आपल्या ख्रिस्ती नीतिशास्त्राचा सर्वांत जुना आणि सर्वांत अवघड प्रश्न नेमका हाच आहे.

संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो श्रीमंत तरुण प्रभूकडे येतो. आज्ञा पाळ, असे प्रभू त्याला सांगतात. त्या सर्व मी पाळल्या आहेत, असे तो म्हणतो, आणि त्याच्या म्हणण्यावर प्रभू शंका घेत नाहीत. मग तो विचारतो की, माझ्यात अजून उणे काय आहे? आज्ञांच्या यादीत या प्रश्नाचे उत्तर नाही, म्हणून तर तो विचारीत आहे. माझ्या मते साऱ्या शुभवर्तमानात याहून प्रामाणिक प्रश्न थोडेच असतील. उत्तर ऐकून तो खिन्न होऊन परत गेला, हे आपण जाणतोच. परंतु प्रश्न त्याने बरोबर विचारला होता.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा'च्या दुसऱ्या भागात या प्रश्नाला केवढी जागा दिली आहे, हे पाहण्यासारखे आहे. या भागात एकूण ३०३ प्रकरणे आहेत. त्यांतील १९ नियमशास्त्राविषयी आहेत, आणि दहा आज्ञांचे विवेचन मुख्यतः त्यांपैकी एका प्रकरणात, बारा कलमांत, आटोपते. बाकीचा विस्तार कशाचा आहे? मानवी कृतीचा, भावनांचा, सवयींचा, कृपेचा, आणि सर्वांत अधिक सद्गुणांचा: श्रद्धा, आशा, प्रीती, विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. नव्या कराराचा नियम मुख्यत्वेकरून कोणता, असा प्रश्न ते उपस्थित करतात आणि उत्तर देतात की, तो प्रथमतः लिहिलेला नियमच नव्हे. तो श्रद्धावंतांच्या अंतःकरणात वसणारी पवित्र आत्म्याची कृपा होय. लिहिलेला भाग दुय्यम, त्या कृपेसाठी मनाची तयारी करणारा. धर्मविद्यालयात हे प्रकरण प्रथम वाचले तेव्हा मला वाटले होते की, आमच्या गावच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात हे कोणी सांगितले कसे नाही?

संत थॉमस १२७४ साली निवर्तले. त्यांच्या मृत्यूच्या चार वर्षे आधी, म्हणजे १२७० साली, हिंगोलीपासून जवळच असलेल्या नरसी येथे नामदेवांचा जन्म झाला अशी परंपरा आहे. त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि ओढूनताणून तो जोडण्याची मला हौस नाही. पण या जिल्ह्यात राहून आणि कयाधूचे पाणी पिऊन मडक्याची गोष्ट विसरता येत नाही. तेर येथे संतमंडळी जमली असता गोरोबा कुंभारांनी थापटणे हाती घेऊन एकेकाचे डोके तपासले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले. विठ्ठलाच्या सर्वांत लाडक्या भक्ताला! भक्तीचे नेमधर्म नामदेवांनी चुकविले होते असे कोणी म्हटले नाही. माती चांगली होती, घाटही चांगला होता, फक्त भट्टी व्हावयाची होती. त्यानंतर ते विसोबा खेचरांकडे गेले, आणि आमच्या जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या मंदिरात पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांची ती प्रसिद्ध कथा घडली असे येथील लोक सांगतात. ज्याला संत थॉमस लॅटिनमध्ये 'हॅबितुस' म्हणतात, म्हणजे पुनःपुन्हा केल्याने अंगी मुरलेली आणि मग सहज होऊन बसलेली घडण, तिच्यासाठी मराठीत मी बरेच शब्द शोधले. 'शील' हा शब्द जवळचा आहे, पण वर्गात समजावून सांगताना मला भाजलेले मडकेच उपयोगी पडते.

मग हे सद्गुणांचे शास्त्र आज्ञांचे शास्त्र कधी झाले? चौदाव्या शतकात विल्यम ऑफ ऑकम यांच्या विचारसरणीने एक वळण दिले. कृत्य चांगले आहे म्हणून देव ते सांगतो, की देव सांगतो म्हणून ते चांगले ठरते, या जुन्या वादात त्यांनी दुसऱ्या बाजूला वजन टाकले. देवाची इच्छा हाच पाया म्हटल्यावर आज्ञापालन हाच मुख्य सद्गुण झाला. दुसरे वळण व्यवहारातून आले. १५५१ साली त्रेंतच्या परिषदेने ठरविले की, सर्व गंभीर पापे प्रकार आणि संख्या यांसह पापनिवेदनात सांगितली पाहिजेत. त्यामागील हेतू थोर होता. परंतु कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूला आता मोजमापाचे साधन हवे झाले, आणि मोजण्यासाठी दहा आज्ञांसारखे सोयीचे माप दुसरे कोणते? येशूसंघीय धर्मपंडित हुआन अझोर यांनी १६०० साली रोममध्ये आपल्या नीतिग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याची मांडणी सद्गुणांनुसार नव्हती, आज्ञांनुसार होती. पुढील साडेतीनशे वर्षे जगभरच्या धर्मविद्यालयांतील पाठ्यपुस्तके याच वाटेने गेली.

(येथे एक गमतीची गोष्ट सांगून टाकतो. 'चोरी करू नको' ही आज्ञा आपल्याकडे सातवी, तर आपल्या प्रोटेस्टंट बांधवांकडे आठवी. मराठवाड्यात एकाच घरात दोन्ही मंडळ्यांची माणसे असतात, त्यामुळे मुलांमध्ये यावरून चांगलीच हमरीतुमरी होते. निर्गम ग्रंथात आज्ञांना आकडे घातलेलेच नाहीत. आपण संत अगस्तीनची मोजणी घेतली, त्यांनी दुसरी. मोजणीवरून भांडणारी मुले चोरी करीत नाहीत, एवढ्यावर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी समाधान मानावे.)

आता मी रोमहून गोव्याकडे वळतो, कारण या दोन शास्त्रांची भेट आपल्या भाषेत तेथे झाली, आणि ती एकाच माणसाच्या हातून झाली. थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. १५७५ साली रोममध्ये त्यांनी येशूसंघात प्रवेश केला, म्हणजे आज्ञांच्या मांडणीने नीतिशास्त्र शिकविण्याची ही नवी पद्धत ज्या काळात आकार घेत होती, त्याच काळातले ते विद्यार्थी. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास पोहोचले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षे, मुख्यतः साष्टी तालुक्यात राहिले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहेत, त्या येथे देण्याचे कारण नाही.

साष्टीची त्या वेळची अवस्था मात्र सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना आपण मान खाली घातली पाहिजे. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली. जुनी पुराणे वाचण्यास बंदी आली. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती, त्याचप्रमाणे त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्ती लोक, ग्रामस्थांच्या हातून मारले गेले. फादर अक्वाविवा त्याच वर्षी अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. १८९३ साली ख्रिस्तसभेने या पाच जणांना धन्यवादितांच्या पंक्तीत बसविले. परंतु त्यानंतर काय घडले, हे आपण क्वचितच सांगतो. कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविण्यात आले आणि तेथे त्यांना विनाचौकशी ठार करण्यात आले. राजाचा हुकूम आणि देवाची आज्ञा यांची सांगड घातली की काय होते, ते साष्टीच्या लोकांनी दोन्ही बाजूंनी पाहिले.

अशा ठिकाणी स्टीफन्स यांनी दोन पुस्तके तयार केली. एक 'दौत्रिना क्रिस्तां', म्हणजे ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी. ती कोंकणीत आहे आणि त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली रायतूर येथे छापली गेली. तीत गुरू आणि शिष्य यांच्या संवादातून श्रद्धासूत्र, प्रार्थना, आज्ञा हे सारे नेमक्या शब्दांत येते. पाठ करावे, म्हणून दाखवावे, असे ते पुस्तक आहे. त्याची थोरवी मी कमी लेखत नाही, कारण कोंकणीच्या छापील वाङ्मयाचा आरंभ त्यापासून होतो. दुसरे पुस्तक 'ख्रिस्तपुराण'. ते आधी, १६१६ साली रायतूर येथेच छापले गेले. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वर, आणि सगळ्या मिळून सुमारे अकरा हजार मराठी ओव्या.

हे दुसरे पुस्तक का लिहावे लागले, याचे उत्तर पुराणाच्या आरंभीच आहे, आणि माझ्या या लेखाचा सारा भार त्या उत्तरावर आहे. धर्मशिक्षण झाल्यावर एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीगुरूंना विनंती करतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आपण शिकविता ते धर्मतत्त्वांचे ज्ञान उत्तम आहे, पण तेवढ्यावर आमची तहान भागत नाही. आमची जुनी पुराणे आपण बंद केलीत. मग त्यांच्या जागी तसेच दुसरे पुराण आम्हांला का देत नाही?

या विनंतीत केवढी धिटाई आहे! ज्या मुलखात पुराणाचे नाव काढणे हाच अपराध होता, तेथे हा माणूस चर्चमध्ये उभा राहून पुराण मागतो. त्याला दहा आज्ञा ठाऊक आहेत, बहुधा तोंडपाठ आहेत. आज्ञा कठीण आहेत अशी त्याची तक्रार नाही, की त्या त्याला अमान्यही नाहीत. त्याला आपल्यात काहीतरी उणे वाटते. शुभवर्तमानातील श्रीमंत तरुणाचा प्रश्न सोळाशे वर्षांनी साष्टीच्या एका ब्राह्मणाच्या तोंडून येतो, आणि या वेळी विचारणारा खिन्न होऊन परत जात नाही. त्याला अकरा हजार ओव्या मिळतात.

पुराण काय करते, हे ज्याने लहानपणी आजीच्या मांडीवर बसून ऐकले आहे, त्याला सांगावे लागत नाही. कथा ऐकताना आपण कोणाची तरी बाजू घेतो, कोणाची तरी लाज वाटते, कोणासारखे तरी व्हावेसे वाटते. एकदा ऐकून हे होत नाही. रविवारमागून रविवार, सणामागून सण तीच कथा कानी पडते, आणि हळूहळू ऐकणाऱ्याची आवडनिवड बदलते. स्टीफन्स यांच्या पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा आहे. तीत सीनाय पर्वत येतो तो एका गुलाम प्रजेच्या सुटकेनंतर. प्रश्नोत्तरीत आज्ञा एकामागून एक उभ्या असतात, तर पुराणात त्यांना आधी आणि नंतर असते. कोणी सोडविले, कोठून सोडविले आणि मग ते काय म्हणाले, असा तो क्रम आहे. निर्गम ग्रंथातही दहा आज्ञांच्या आधी मिसर देशातून सोडविल्याचे वाक्य आहे. मुलांकडून आज्ञा पाठ करून घेताना आपण ते वाक्य बहुधा गाळतो.

स्टीफन्स यांनी स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीचा छंद घेतला, श्रोत्यांना शंका विचारू दिल्या. त्यांनी जुन्या मातीची अवहेलना केली नाही, असे म्हणावेसे वाटते. परंतु जुन्या पुराणांवरील बंदीविरुद्ध त्यांनी आवाज उठविला असे मात्र दिसत नाही, आणि त्यांच्या गौरवाच्या भरात हे विसरू नये. ते आपल्या काळाचे होते. एका हाताने घेतले गेले ते परत देणे त्यांच्या हाती नव्हते. दुसऱ्या हाताने काय देता येईल, याचाच त्यांनी विचार केला.

पुढच्या शतकात हा दुसरा हातही आखडला. १६८४ साली व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर यांनी फर्मान काढले की, गोव्याच्या लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. १७३६ साली धर्मन्यायालयाने एक लांबलचक हुकूमनामा काढला. ख्रिस्ती माणसाने धोतर नेसू नये, अंगणात तुळस लावू नये, मीठ न घालता भात शिजवू नये. होय, वाचकहो, मीठ! हिंदू शेजारी भात अळणी शिजवितात, म्हणून ख्रिस्ती माणसाने त्यात मीठ घातलेच पाहिजे. सीनायच्या दहा वचनांपासून निघालेली वाट भाताच्या भांड्यापाशी येऊन थांबली. त्या हुकूमनाम्यातील प्रत्येक कलम पाळणारा माणूस शेजाऱ्याची जमीन गिळंकृत करू शकत होता, नोकराची मजुरी बुडवू शकत होता, आणि तरीही त्याचा परवाना अगदी खरा होता. हरीसिंगाच्या परवान्याइतकाच खरा.

याउलट ख्रिस्तपुराणाच्या छापील मूळ प्रतींपैकी एकही आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या, त्यांचीही तीच गत झाली. पुराण जगले ते हाताने उतरविलेल्या प्रतींतून आणि गाणाऱ्यांच्या गळ्यातून. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते बरोबर नेले. टिपू सुलतानाने १७८४ साली तेथील ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणास कैदेत नेले, तेव्हा धर्मगुरू नाहीत, मिस्सा नाही, अशा पंधरा वर्षांत या पुराणाने त्यांना धीर दिला, असे तेथील परंपरा सांगते. त्यांच्याच मुलखात, मंगळूर येथे, १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून ते पुन्हा छापले, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी लिपीत आवृत्ती काढली. हुकूमनामे दप्तरखान्यात राहिले.

मराठवाड्यातील आपली ख्रिस्तसभा वयाने लहान आहे. औरंगाबाद धर्मप्रांत अमरावतीपासून वेगळा झाला तो १९७७ साली. आमच्या इतिहासात धर्मन्यायालय नाही, आणि त्याबद्दल देवाचे आभार. तरीही या भागात आल्यापासून मला सर्वांत अधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न दोन शब्दांचा आहे: चालते का? फादर, लग्नात हळद लावली तर चालते का? कुंकू चालते का? पाहुण्यांच्या घरचा प्रसाद चालतो का? नरसीच्या यात्रेत दुकान मांडले तर चालते का? कबूल केले पाहिजे की, तरुणपणी मी या प्रश्नांची उत्तरे मोठ्या हुरुपाने देत असे. अमुक चालते, तमुक चालत नाही. लोक समाधानाने परत जात. आता त्या समाधानाचीच मला भीती वाटते.

आम्ही धर्मविद्यालयात शिकत होतो तेव्हाच, ६ ऑगस्ट १९९३ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'वेरितातिस स्प्लेंदोर', म्हणजे सत्याचे तेज, हे विश्वपत्र काढले. नीतिशास्त्रातील नियमांविषयी ते अतिशय ठाम आहे. काही कृत्ये कोणत्याही परिस्थितीत चुकीचीच असतात, असे ते सांगते, आणि त्यावरून त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. चर्चेच्या गदारोळात त्याचा आरंभ मात्र थोड्यांनीच नीट वाचला. त्याचे पहिले प्रकरण सगळेच्या सगळे त्या श्रीमंत तरुणाविषयी आहे. नीतीचा प्रश्न हा मुळात नियमांचा प्रश्न नसून जीवनाच्या अर्थाचा प्रश्न आहे, असे तेथे मांडले आहे. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या धर्मशिक्षणग्रंथात सद्गुणांचे विवेचन आधी येते आणि दहा आज्ञांचे नंतर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली नीतिशास्त्राला पवित्र शास्त्राचे पोषण मिळावे असे सांगितले होते, त्याचे हे फळ. अझोर यांच्यापासून बदललेली मांडणी पुन्हा संत थॉमसच्या बाजूस झुकली. आज्ञा रद्द झाल्या नाहीत, त्यांना त्यांची जागा मिळाली.

या सर्व वाचनाचा मला खरा उपयोग झाला तो एका संध्याकाळी, आणि तो प्रसंग संबंधित माणसाच्या संमतीने, त्याची ओळख पुसून सांगतो. उपवासकाळाचे शेवटचे दिवस होते. आमच्या ओळखीचा एक मापाडी ओसरीवर येऊन बसला. या जिल्ह्यात हळदीचे पीक मोठे. एका मोंढ्यावर तो हळदीची पोती मापून देत असे. पोत्यामागे ओलीसाठी म्हणून थोडा कडता धरण्याची तेथे रीत होती. त्याने तो चिमूटभर जास्त धरावयाचा आणि व्यापाऱ्याने संध्याकाळी त्याच्या हातावर काही टेकवावयाचे, असे वर्षानुवर्षे चालले होते.

"समदेच घेतेत, फादर," तो म्हणाला. "रितीत बसतंय बी. पण पट्टी घेताना शेतकऱ्याच्या तोंडाकडं बघवंना गेलंय."

त्याने 'चालते का' असे विचारले नाही, हे माझ्या ध्यानात आले. सातवी आज्ञा काय सांगते, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक होते. मी त्याला जक्कयची गोष्ट सांगितली. ती त्याने पूर्वी ऐकलेली होती, पण एक तपशील त्याला नवा होता. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे, फसवून घेतलेले आपण होऊन परत करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावयाचा असे. जक्कय उभा राहून चौपट देतो म्हणाला, आणि शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. प्रभूंनी त्याला हे करावयास सांगितले नव्हते. ते नुसते त्याच्या घरी जेवावयास आले होते.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पर फादर, जक्कयला माणसं ठाव होती. मी कुणाचं कुणाचं घेतलं, ते कुठं लिहून ठेवलंय?"

या ठिकाणी मला ती जुनी, आज्ञांच्या मांडणीची पाठ्यपुस्तकेच आठवली, ज्यांच्यावर मी या लेखात पुष्कळ टीका केली आहे. धनी सापडत नसेल तर परतावा गरिबांना द्यावा, असे त्यांत स्वच्छ लिहिलेले आहे, आणि ते मी त्याला सांगितले. त्याने खिशातून बिडीचे पाकीट काढले, ते फाडून त्याच्या आतल्या बाजूवर माझ्याच पेनाने आकडे मांडावयास सुरुवात केली. किती वर्षे, वर्षाला किती पोती, पोत्यामागे किती. मध्येच थांबून तो खोडी, पुन्हा मांडी. बाहेर अंधार पडला होता, तरी मोंढ्याकडे जाणाऱ्या गाड्या थांबल्या नव्हत्या. हळदीचा हंगाम ऐन भरात होता.